गैरहजर माणसाचे मत



विनयपिटकातील महावग्गात एक नियम आहे. संघाचे काम ठरावयाचे असेल आणि एखादा भिक्खू आजारी असेल, तर त्याने आपली संमती दुसऱ्या भिक्खूबरोबर पाठवावी. या संमतीला ‘छंद’ म्हणतात. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट सभेत आणावे. उचलल्याने दुखणे वाढणार असेल तर संघाने त्याच्यापाशी जावे. पण अपुऱ्या संघाने काम उरकू नये. मतभेद झाल्यास शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते मोजली जात. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खुसंघाच्या या मतदानाची आठवण करून दिली होती.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. गेल्या निवडणुकीत आमच्या शेजारच्या मावशी दीड तास रांगेत उभ्या राहून परत आल्या. हातात ओळखपत्र होते, पण यादीत नाव नव्हते. गाव सोडून बारा वर्षे झाली. गावच्या यादीतून नाव गेले आणि शहरच्या यादीत कोणी घातले नाही. “गुरुजी, कार्ड तर आहे ना माझं?” असे त्यांनी मला विचारले. मी शिकलेला माणूस, पाच वर्षे त्यांच्या शेजारी राहतो. मी एकदाही त्यांच्या नावाची चौकशी केली नव्हती.

हा हक्क आयता मिळालेला नाही. इंग्रजी अमलात जमीन, कर किंवा शिक्षण असणाऱ्यालाच मत होते. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने तो सर्वांना मिळाला. तरीही पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रिया गळाल्या, कारण त्यांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी झाली होती. स्वतःचे नाव नाही, म्हणून मतही नाही!

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. ओळखपत्र असणे पुरेसे नाही. यादीत नाव हवे. प्रथम नोंदणीसाठी नमुना ६ आणि घर बदलल्यास किंवा नाव चुकले असल्यास नमुना ८ भरावा. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही.

२. घर नसले तरी मत आहे. उघड्यावर राहणारा माणूस त्या जागी खरोखर झोपतो की नाही, हे मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन पाहतो.

३. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर काही महिने गेल्याने गावच्या यादीतील नाव जात नाही. तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास तुटत नाही, असे कायदा सांगतो.

४. मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुटी असते. रोजंदारीवाल्याचीही मजुरी कापता येत नाही.

तरीही एक अडचण उरते. मजुराचा छंद दुसऱ्याने नेण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. त्याला स्वतःच केंद्रावर जावे लागते. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या याच सुमारास गाव सोडतात. उचल घेतलेला एकटा मजूर मुकादमाला काय सांगणार? म्हणून उचल घेतानाच मतदानाच्या दिवसाची बोली करावी, आणि ती साऱ्या टोळीने मिळून करावी.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा मतदार यादी मोठ्याने वाचा. प्रत्येक घरातील अठरा वर्षांवरील माणसे मोजा. सुनांची, विधवांची आणि म्हाताऱ्यांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने लागली आहेत काय, ते पाहा. ज्या घराला कुलूप आहे त्या घरापासून सुरुवात करा. ते लोक कोठे गेले आहेत, कधी येणार आहेत, हे वहीत लिहून ठेवा. तेवढे झाल्याशिवाय आपली सभा पूर्ण झाली असे समजू नका.

जयभीम.