मेंदूतली गाठ आणि अडकलेला सिग्नल

खोपोलीचं वीजघर आपण सगळ्यांनी निदान बाहेरून तरी पाहिलंय. 1915 पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली येऊन तिथलं टर्बाइन फिरवतं. विजेची मागणी वाढली की गव्हर्नर पाण्याचा झोत वाढवतो, घटली की कमी करतो. समजा, मागणी नसतानाही त्याला सारखा 'वाढव' असाच सिग्नल मिळाला तर? मेंदूच्या काही गाठींत नेमकं हेच होतं.

पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं प्रथिन असतं. याला रिसेप्टर म्हणतात. त्याचा बाहेरचा भाग म्हणजे जणू सेन्सर. त्याला ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीने काम करतात आणि आतला भाग 'विभाजन कर' असा संदेश केंद्रकापर्यंत पोचवतो. नंतर पेशी रिसेप्टर आत ओढून घेते, सिग्नल थांबतो. ईजीएफच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं.

ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांमधली मेंदूची अतिशय घातक गाठ. अशा सुमारे 40 टक्के गाठींत ईजीएफआरच्या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच गाठींत सेन्सरचा 267 अमिनो आम्लांचा तुकडाच गायब असतो. असा रिसेप्टर संदेश पकडू शकत नाही, तरी सिग्नल मात्र चालूच!

मग हा रिसेप्टर औषधाने बंद का करत नाहीत? मलाही हाच प्रश्न पडला होता. जेफिटिनिब, एर्लोटिनिब ही औषधं फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत चालतात, पण मेंदूत फारशी चालली नाहीत. कारणं तीन. रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर औषधाला पुरेसं आत जाऊ देत नाही. फुफ्फुसात बिघाड रिसेप्टरच्या आतल्या भागात असतो, इथे बहुधा बाहेरच्या. शिवाय एकाच गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. एक वाट अडवली की काही पेशी दुसरी धरतात. त्यामुळे शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हाच आजही मुख्य उपचार आहे.

आता आपल्या कामाचं. कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर फिट आली की अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. प्रत्येक फिट म्हणजे गाठ नव्हे. पण मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली, किंवा सकाळी वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टरांकडे न्या, त्यांनी सांगितलेला स्कॅन टाळू नका. टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संस्था खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. एवढं घरी आणि शेजारी जरूर सांगा.