चटक कशी बदलते?

लखनौ शहरात गोमती नदीच्या उत्तरेस महानगर ही वसाहत आहे. हिवाळ्यातील सायंकाळी अशा वसाहतीच्या बाजारात दोन प्रकारच्या हातगाड्या दिसतात. एकीवर तव्यावरची आलू टिक्की व तुपकट गोड पदार्थ असतात. दुसरीवर मटार, मेथी, गाजरे, अलाहाबादी पेरू, आणि आपण ज्याला चाकवत म्हणतो तो बथुआ. कामावरून परतणारा माणूस पोटात फारशी भूक नसतानाही पहिल्या गाडीकडे वळतो आणि पुढे स्वतःच्या दुर्बल मनाला दोष देतो. हा दोष कितपत न्याय्य आहे?

भूक आणि चटक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भूक कोणत्याही अन्नाने भागते. चटकेला विशिष्ट पदार्थच हवा असतो. गोडाची आवड व कडूचा तिटकारा मनुष्य जन्मतःच घेऊन येतो, हे खरे. परंतु विशिष्ट वेळ, विशिष्ट जागा आणि विशिष्ट वास यांच्याशी जडलेली ओढ बहुतांशी सवयीने येते. जे सवयीने येते, ते सवयीने बदलूही शकते.

याचे काही पुरावे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दिले आहेत. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात काही व्यक्तींनी पाच महिने कमी मिठाचा आहार घेतला. अखेरीस त्यांना पूर्वीपेक्षा कमी खारट पदार्थ रुचू लागले. 2001 साली ज्युली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, गरोदरपणी अथवा अंगावर पाजण्याच्या काळात मातेने गाजराचा रस घेतला असेल, तर तिच्या बाळाला पुढे गाजराच्या चवीचे अन्न अधिक आवडते. 2016 सालच्या अभ्यासात तीन महिने साखर कमी केलेल्यांना तोच पदार्थ अधिक गोड लागू लागला; त्यांची गोडाची पसंती मात्र तेवढ्या अवधीत बदलली नाही. म्हणजे जीभ आधी बदलते. आवडीला अधिक वेळ लागतो.

फळे व भाज्या येथे दोन प्रकारे उपयोगी पडतात. त्यांत पाणी व चोथा पुष्कळ, पण उष्मांक थोडे असतात. त्यामुळे जठर भरते, चावण्यास वेळ लागतो आणि तृप्ती अधिक काळ टिकते. कडकडून भूक लागली की चटकही बळावते. पोट शांत असले की तिचा जोर ओसरतो. दुसरे असे की, त्या ताटातील जागा व्यापतात. मात्र मीठ व तेल यांचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले, तर भाजी वाढवूनही जिभेला नवे वळण लागत नाही. साखर घातलेला फळांचा रस हाही सबंध फळाला पर्याय नव्हे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार 2000 किलोकॅलरींच्या आहारात दररोज सुमारे 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे असावीत. एवढे प्रमाण एकदम गाठू नये, पोट फुगते. प्रारंभ लहान असावा. बाजारातून घरी जाण्याआधीच एक पेरू खावा. आठवड्या-आठवड्याने भाजीतील मीठ किंचित कमी करावे. हंगामातील माल घ्यावा, कारण तो बहुधा स्वस्त असतो: थंडीत चाकवत, उन्हाळ्यात काकडी, आणि जून-जुलैत लखनौजवळच्या मलिहाबादचा दशहरी आंबा. मुलाने भाजी नाकारली तर जबरदस्ती करू नये. तीच भाजी पुनःपुन्हा, थोडी थोडी पुढे ठेवावी. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यांच्या सल्ल्यानेच आहार बदलावा.

होळीच्या दिवशी गुजिया खाल्ली म्हणून महिन्यांचा प्रयत्न वाया जात नाही. चटक एका दिवसात लागलेली नसते, म्हणून ती एका दिवसात सुटतही नाही. तिच्याशी रोज झगडण्यापेक्षा ताटातील वाटा हळूहळू बदलणे हा अधिक सोपा आणि टिकाऊ मार्ग आहे.