बेंबीचे आकार निरनिराळे का?

विहिरीवर पोहावयास जमलेली मुले एकमेकांच्या बेंब्या पाहून हसतात. एकाची खोल खळीसारखी, दुसऱ्याची आडव्या चिरेसारखी, तर तिसऱ्याची बोरासारखी वर आलेली. थट्टा होते ती बहुधा या तिसऱ्याची. ‘सुईणीने नाळ नीट कापली नाही’ असे घरच्या कोणीतरी त्याला सांगितलेलेही असते. सुईणीवरील हा आळ सर्वस्वी खोटा आहे.

गर्भाशयातील मुलाला अन्न व प्राणवायू आईच्या रक्तातून मिळतात. ते वारेत येतात व तेथून नाळेच्या वाटेने मुलाकडे जातात. पूर्ण दिवसांच्या मुलाची नाळ सुमारे ५० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ त्याच्याच उंचीइतकी लांब असते. तीत दोन रोहिणी व एक नीला असून त्यांच्याभोवती बुळबुळीत, घट्ट असा पदार्थ असतो; त्यामुळे नाळेला पीळ पडला तरी रक्तवाहिन्या सहसा दबत नाहीत. संवेदना नेणारे मज्जातंतू नाळेत नसतात. म्हणूनच ती कापताना आईला वा मुलाला दुखत नाही.

कापल्यावर पोटाशी राहिलेला तुकडा सुकतो, काळा पडतो व साधारणतः एकदोन आठवड्यांत गळून पडतो. कात्री कोठे चालली, ही खूण त्याच्याबरोबरच जाते. मागे राहतो तो वण, आणि हा वण म्हणजेच बेंबी. वण आत ओढला गेला तर खळी होते, जाड भरून आला तर उंचवटा. पुढे पोटावर चरबी चढली की खळी अधिक खोल दिसते. दोन मुलांच्या गुडघ्यांवरील वण कोठे सारखे असतात? लहानग्याला इतके सांगितले तरी पुरे. वासराला व मांजरीच्या पिलालाही बेंबी असते, ती केसांखाली झाकलेली असते, हे ऐकून तर त्याला मौजच वाटेल.

काही तान्ह्यांची बेंबी रडताना फुगते. हा अंतर्गळ होय. नाळेची वाट पोटाच्या स्नायूंत पुरती मिटलेली नसते, म्हणून आतड्याचा भाग तेथून डोकावतो. चारपाच वर्षांत ती वाट बहुधा आपोआप मिटते. बेंबीवर नाणे बांधल्याने ती लवकर मिटत नाही. कातडी मात्र सोलवटते. फुगवटा कठीण होऊन दुखू लागला किंवा मूल ओकू लागले, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

आकारापेक्षा भय आहे ते ओल्या नाळेचे. तिला शेण वा राख लावण्याच्या चालीने धनुर्वात होऊन असंख्य अर्भके दगावली. निर्जंतुक पाते व गर्भवतीस दिलेली लस यांमुळे हा रोग हटला, आणि २०१५ साली भारतात त्याचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मातीत आहेतच. यास्तव डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज नाळेला काहीही लावू नये, ती कोरडी ठेवावी आणि लंगोट तिच्या खाली बांधावा.