निर्धूर चूल : निवड, बांधणी व निगा

हल्लीं बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं गॅसची शेगडी आली आहे. तरी आंघोळीचें पाणी, भाकरी व गुरांचें आंबोण यांसाठीं लांकूडफाट्याची चूल अद्याप पुष्कळ घरांतून सुटलेली नाहीं. चुलीच्या धुरानें डोळे व फुप्फुसें बिघडतात, आणि तो भोग मुख्यतः बायकामुलांच्या वांट्याला येतो. म्हणून धुराडें असलेली लहान चूल कशी निवडावी व बसवावी, याचा येथें विचार करूं.

प्रथम माझीच चूक सांगतों. पेन्शन घेतल्यावर मीं घरीं अशी चूल बांधविली. गवंड्यानें धुराड्याची नळी कौलांच्या जरा वर आणून सोडली. जवळचें आढें तिच्याहून उंच राहिलें. वारा आढ्यावरून खालीं वळला कीं धूर घरांत परत येई. कुटुंबानें दोनदां सांगितलें. ‘नवी चूल आहे, सुधारेल’ असें म्हणून मीं तें कानाआड केलें. पुढें तिचा खोकला रात्रींही थांबेना, तेव्हां शिडी लावून पाहिलें. जन्मभर लोकांच्या जमिनींचीं मापें नोंदलीं, पण स्वतःच्या धुराड्याचें माप घेतलें नाहीं!

हा अनुभव एकट्या माझा नव्हे. केंद्र सरकारनें १९८३ सालीं सुरू केलेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ सालीं थांबविला. त्यांत तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. परंतु बांधणींतील दोष व निगेचा अभाव यांमुळें पुष्कळ चुली लौकरच निकामी झाल्या.

निवड.— पांचसहा माणसांच्या घरास चूल व वैल अशी दोन तोंडांची चूल पुरते. तोंडांचीं मापें घरांतील भांड्यांवरून घ्यावीं. भांडें व कांठ यांमध्यें फट राहिल्यास तेथूनच धूर येतो. जळणाखालीं लोखंडी जाळी असावी, म्हणजे खालून वारा मिळून जाळ स्वच्छ होतो. वैलाखालीं मातीचा उंचवटा ठेवावा. त्यामुळें जाळ भांड्याच्या बुडास लागतो.

जागा.— चूल बाहेरच्या भिंतीलगत असावी. कडबा, गोंवऱ्या व लांकडी खांब यांपासून ती दूर ठेवावी. गवती छपरांतून उघडी नळी कधींही नेऊं नये.

धुराडें.— नळी चार इंचांहून अरुंद नसावी व होईल तितकी सरळ असावी. छपराबाहेर ती निदान तीन फूट वर न्यावी. शिवाय दहा फुटांच्या आंत जें आढें किंवा भिंत असेल, तिच्याहून दोन फूट उंच ठेवावी. माथ्यावर पावसासाठीं टोपी बसवावी, पण धुराची वाट मोकळी राहूं द्यावी. ॲस्बेस्टॉसची नळी घेऊं नये. ती कापतांना उडणारी धूळ फुप्फुसास घातक असते.

सरपण.— नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनापैकीं जवळजवळ निम्में पाणी असतें. तें जाळल्यास उष्णता पाणी आटविण्यांत जाते व नळींत काजळी धरते. लांकूड फोडून, पावसाच्या आड, सहा महिने वाळवावें. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास वाळल्या लांकडाचा खणखणीत आवाज येतो. ओल्याचा बद्द येतो.

निगा.— महिन्यांतून एकदां, चूल थंड असतांना, काठीस चिंध्या बांधून नळी झाडावी. सांचलेली काजळी पेट घेते व आग छपरास लागूं शकते. निखारे ठेवून खोली बंद करून निजूं नये. त्यांच्या विषारी वायूस वास नसतो व माणूस झोंपेंतच दगावतो.

आमची नळी वाढविल्यावर धूर परत येणें थांबलें. खोकला मात्र जावयास हिवाळा संपावा लागला. म्हणून बंधूंनो, चूल बांधल्यावर गवंड्याचा हिशेब लगेच चुकता करूं नका. आठ दिवस तिच्यावर स्वयंपाक होऊं द्या, व जी तिच्यापुढें बसते तिला विचारा. तिनें ‘ठीक’ म्हटल्यावरच पैसे द्या.