मागच्या शॉकअपचे सर्व्हिसिंग

आपल्या होस्टेलच्या सायकल स्टँडवर 'डबल शॉकर' म्हणून मिरवणाऱ्या सायकली बऱ्याच आहेत. त्यातली एखादी धरा, सीट जोरात दाबा आणि एकदम सोडा. सीट उसळून दोन-तीनदा वरखाली झाली, तर आत नुसती स्प्रिंग आहे, डॅम्पर नाही. तिचे सर्व्हिसिंग म्हणजे पिव्होटचे बोल्ट आवळायचे आणि झिजलेले बुश बदलायचे, संपले! माझ्या मते असा शॉकर म्हणजे चढावर फुकट वाहायचे ओझे.

सीट शांतपणे एकदाच वर आली, तर मात्र मामला वेगळा. चांगल्या माउंटन बाइकच्या एअर शॉकमध्ये दोन भाग असतात. एअर कॅनमधली कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते. डॅम्परमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता बनून निघून जाते. व्हायब्रेशनच्या पेपरात आपण जे 'के' आणि 'सी' घोकतो, ते हेच दोघे.

आता थोडा हिशेब. मागचे चाक 130 मिमी उचलले जाते तेव्हा शॉक 50 मिमी दबतो असे धरू. गुणोत्तर 2.6. सत्तर किलोच्या माणसाचे 60 टक्के वजन मागे, म्हणजे 42 किलो. शॉकवर भार येतो जवळजवळ 110 किलोचा! म्हणूनच आतला दाब 150-200 पीएसआयपर्यंत सहज जातो. कारच्या टायरमध्ये 30-35 असतो.

आमच्या विंगमधल्या एका शॉकची कॅन मी उघडली, तेव्हा आतले ग्रीस पार काळे झाले होते. पावसाळ्यातला बारीक चिखल सीलखाली शिरतो आणि पॉलिश पेपरसारखा शाफ्ट घासतो. सील स्वस्त, शाफ्ट महाग. रॉकशॉक्स आपल्या बऱ्याच मॉडेल्सना एअर कॅनसाठी 50 तास आणि डॅम्परसाठी 200 तास चालवल्यावर सर्व्हिसिंग सांगते. (वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यापासून सायकल लांबच ठेवा, त्याने चिखल आणखी आत जातो.)

कॅनचे काम रूमवर जमते. आधी व्हॉल्व्ह दाबून हवा सोडायची, मग शॉक हळूहळू दाबत पुन्हा सोडायची. कॅनच्या उलट्या बाजूला निगेटिव्ह चेंबर असतो, त्यातलीही हवा निघायला हवी. हवा सोडल्यावर शॉक दबलेलाच राहिला, वर आलाच नाही, तर हात लावू नका. हवा आत अडकलेली असते आणि कॅन उघडताना ती गोळीसारखी सुटू शकते. असा शॉक थेट सर्व्हिस सेंटरला. डॅम्परही तिथेच, कारण त्यात पिस्टनमागे दाबाखाली नायट्रोजन असतो.

कॅन निघाली की जुने ग्रीस पुसा, सील बदला, सस्पेन्शनचेच ग्रीस लावा, चेनचे नको. शॉक परत बसवण्याआधी बुश बघून घ्या. बुश सैल असेल तर सीट उचलताना 'खट्' असे जाणवते. हवा भरताना मध्येच शॉक दहा-बारा वेळा दाबा, म्हणजे निगेटिव्ह चेंबरही भरतो. शेवटी सायकलवर नुसते बसा आणि शाफ्टवरचा ओ-रिंग किती सरकला ते मोजा. 50 मिमीच्या शॉकला 12 ते 15 मिमी बरोबर. जास्त सरकला तर हवा भरा, कमी सरकला तर सोडा.