जे बुडाले तेच उरले

बुडालेल्या जहाजांतील धन म्हटले की साहसकथा आठवतात. मी मात्र स्पेनच्या अमेरिकन वसाहतींतील रुप्याची नाणी इतिहासाची साधने म्हणून जमवतो. ही नाणी कोट्यवधींनी पाडली गेली. मग अभ्यासकाला ती समुद्रतळाशी का शोधावी लागतात?

मेक्सिकोची टांकसाळ १५३५ मध्ये स्थापन झाली. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. तेथील खाणींत 'मिता' नावाच्या वेठीने स्थानिक आदिवासी राबत. चांदीच्या कांबीचे तुकडे तोडायचे, वजनाला उतरेपर्यंत कडा छाटायच्या आणि हातोड्याने ठसा उमटवायचा, अशी रीत होती. त्यामुळे ही नाणी वेडीवाकडी दिसतात. आठ रेआलच्या नाण्याचे वजन सुमारे २७ ग्रॅम. त्यावर टांकसाळीची खूण व पारख्याचे आद्याक्षर असे. चांदीच्या कसाची जबाबदारी त्या पारख्यावर होती. पोतोसीतील भेसळ १६४९ च्या सुमारास उघडकीस आली, तेव्हा तेथील पारख्याला देहदंड झाला.

हे रुपे युरोपीय जहाजांतून सुरतेसही येई. तेथील मोगल टांकसाळीत ते वितळवून त्याचे रुपये पाडीत. म्हणजे जे सुखरूप पोहोचले, त्यातले पुष्कळसे मुशीत गेले. जे बुडाले ते मात्र उरले. 'एल काझादोर' हे जहाज १७८४ मध्ये व्हेराक्रूझहून न्यू ऑर्लिन्सकडे साडेचार लाख पेसो घेऊन निघाले आणि बेपत्ता झाले. १९९३ मध्ये त्यातील नाणी मासेमारांच्या जाळ्यात आली. अशा साठ्याचे महत्त्व असे की, त्यातील सारी नाणी एकाच दिवशी बुडालेली असतात. त्या काळी कोणती नाणी एकत्र चालत होती, हे त्यावरून कळते.

पण हा पुरावा फार नाजूक असतो. खाऱ्या पाण्याने चांदी काळवंडते, झिजते, वजन घटते. विक्रेते ती घासून लख्ख करतात. जहाजाची नोंद हरवली, तर उरते ते केवळ रुपे.

आणि या धनाचा धनी कोण? पोर्तुगालच्या दक्षिणेस १८०४ मध्ये इंग्रजांशी झालेल्या चकमकीत 'मर्सेदेस' हे स्पॅनिश जहाज बुडाले. एका अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये त्यातील सुमारे ५,९४,००० नाणी वर काढली. अमेरिकन न्यायालयांच्या निर्णयानुसार २०१२ मध्ये ती स्पेनला परत गेली. पेरूचा दावा टिकला नाही. खाणीत राबलेल्यांच्या वतीने तर कोणाचाच दावा नव्हता.

म्हणून मी एक नियम पाळतो. ज्या नाण्याबरोबर जहाजाचे नाव आणि ते कायदेशीरपणे वर काढल्याची नोंद नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घ्यायचे नाही. त्यामुळे माझा संग्रह लहानच राहिला आहे. परंतु त्यातील प्रत्येक नाणे कोठून आले, हे मला सांगता येते.