कोचीहून लक्षद्वीपला

मुलांनो, ‘बेट’ या मराठी शब्दाला उर्दूत काय म्हणतात? जज़ीरा! मुरूडजवळच्या जंजिरा किल्ल्याचे नाव याच शब्दावरून पडले आहे. आज आपण अशाच काही बेटांच्या सहलीची माहिती घेऊ.

केरळ राज्यात कोची हे मोठे बंदर आहे. तेथून पश्चिमेला, अरबी समुद्रात, लक्षद्वीप बेटे पसरली आहेत. नावात ‘लक्ष’ असले, तरी बेटे लाखभर नाहीत. सरकारी नोंदीत ती ३६ आहेत आणि वस्ती फक्त १० बेटांवर आहे. सर्व बेटांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. कवरत्ती ही त्यांची राजधानी आहे.

तेथे जायचे, तर आधी प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. मग कोचीच्या धक्क्यावर जहाजात बसायचे. १४ ते २० तासांनी बेट दिसू लागते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ असते. म्हणून बहुतेक ठिकाणी जहाज दूरच थांबते आणि प्रवासी लहान होडीतून काठावर जातात. अगत्ती बेटावर विमानतळही आहे.

तेथे पांढरी वाळू, नारळाची झाडे आणि हिरवे-निळे पाणी पाहून मन प्रसन्न होते. बहुतेक बेटांवर लोक मल्याळमची एक बोली बोलतात. मिनिकॉय बेटाची भाषा मात्र मालदीवच्या भाषेसारखी आहे. मासेमारी आणि नारळ यांवर पुष्कळ लोकांचे पोट चालते.

ही बेटे कोणी बांधली, ठाऊक आहे? प्रवाळ नावाच्या इवल्याशा सागरी जीवांनी! त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचे थर साचून खडक तयार झाले. हे खडक मोठ्या लाटा अडवतात. म्हणून आतले पाणी शांत राहते. परंतु प्रवाळ फार हळू वाढतात. मोठे गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. पोहणाऱ्याचा एक पाय पडला, की अनेक वर्षांची वाढ मोडते. समुद्राचे पाणी फार तापले, तर प्रवाळ पांढरे पडतात व पुष्कळदा मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली तसे घडले.

दुसरी अडचण गोड्या पाण्याची. बेटांवर नद्या नाहीत. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहिरीतून फार उपसा केला, तर खारे पाणी वर येते. २००५ साली कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याचे केंद्र सुरू झाले.

मुलांनो, पाहुणा चार दिवस राहतो. घरच्यांना मात्र तेच पाणी वर्षभर पुरवायचे असते. तुम्ही कधी तेथे गेलात, तर पाणी जपून वापरा. प्रवाळावर पाय देऊ नका आणि त्याचा तुकडा आठवण म्हणूनही आणू नका. कायद्याने ते मना आहे.

स्वाध्याय
१. जहाज बेटापासून दूर का थांबते?
२. विहिरीचे पाणी खारे केव्हा होते?
३. तुमच्या गावी पाहुणे आले, तर त्यांनी काय जपावे असे तुम्हांला वाटते? पाच वाक्ये लिहा.